घाटातल्या गाड्या बघायला आणि टिपायला : ठाण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पहिल्या दोन सरी पडल्या की आमच्या नौपाड्यातल्या चहाच्या टपरीवर तेच प्रश्न सुरू होतात. सोसायटीतली कॉलेजची पोरं, नुकताच कॅमेरा घेतलेले शेजारी, नातवाला गाडी दाखवायची म्हणून हट्टाला पेटलेले एक निवृत्त काका, सगळ्यांना घाट बघायचा असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी आपल्याच गावात येऊन थांबली, तेव्हा ठाणेकराच्या डोक्यात हे खूळ असलं तर त्यात नवल नाही. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

ठाण्याहून नेमकं जायचं कुठे?

कर्जतच्या पुढचा बोर घाट, कसाऱ्याच्या पुढचा थळ घाट आणि नेरळहून चढणारी माथेरानची छोटी गाडी. तिन्ही ठिकाणांच्या पायथ्यापर्यंत लोकल जाते. ठाण्याहून कर्जत ६६ किलोमीटर, कसारा ८७. कर्जतला दीड तास धरा, कसाऱ्याला त्याहून थोडा जास्त. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. पनवेलहून कर्जतला थेट रूळ आहेत, पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच.

पहिल्यांदाच निघाला असाल तर बोर घाट. का, ते पुढे येईलच.

घाटात एवढं काय आहे? गाडी तर ठाणे स्टेशनातही दिसते.

ठाण्यात गाडी येते आणि जाते. घाटात ती झगडताना दिसते. बोर आणि थळ या दोन्ही घाटांतला सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. दुचाकीवाल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरत असताना, वरून पावसाचं पाणी पडत असताना आणि मागे शेकडो टन वजन असताना हा चढ भयंकर असतो. म्हणून कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि लोणावळ्याला किंवा इगतपुरीला पोचलं की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी मोकळेच खाली येतात.

मागेच का लावतात, हे नेहमी विचारलं जातं. सगळी ताकद पुढे लावली तर डबे जोडणाऱ्या पहिल्या काही कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो. शिवाय मध्येच एखादं कपलिंग तुटलं तर मागचे डबे उताराला लागतील. शेपटाला इंजिन असलं की त्यांना धरून ठेवणारं कुणीतरी असतं.

पुढचं इंजिन निघून गेलं की नवशिके कॅमेरा खाली करतात. ठाण्यात ते चालतं, घाटात नाही. इथे बघण्यासारखं निम्मं गाडीच्या शेवटी असतं. मी स्वतः पहिल्या खेपेला डेक्कन एक्स्प्रेसचं तोंड टिपून मोबाइल खिशात टाकला, आणि दोन-दोन इंजिनं गरजत समोरून गेली ती नुसती बघत राहिलो.

चढणाऱ्या गाडीला ‘डाउन’ का म्हणतात?

मध्य रेल्वेवर मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाउन आणि मुंबईकडे येणारी अप. डोंगराशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे डाउन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. दोन्ही घाटांत तीन रूळमार्ग आहेत : डाउन, मिडल आणि अप. एकदा हे डोक्यात बसलं की कोणती गाडी कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज येऊ लागतो. मिडलवर मात्र भरवसा ठेवू नका, तिथून कोणीही येऊ शकतं.

वंदे भारतला बँकर लागत नाही हे खरं का?

खरं. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर आणि मुंबई–साईनगर शिर्डी अशा दोन वंदे भारत सुरू झाल्या. पहिली बोर घाटातून जाते, दुसरी थळ घाटातून, आणि दोन्ही स्वतःच्याच जोरावर चढतात. त्यांना वेगळं इंजिन नाही. निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळे जोर गाडीभर वाटला जातो. मुंबईहून थळ घाटमार्गे दिल्लीला जाणाऱ्या राजधानीने २०१९ पासून दुसरी युक्ती केली : एक इंजिन पुढे, एक मागे, सुरुवातीपासूनच. म्हणजे कसाऱ्याला बँकरसाठी थांबणं वाचलं.

वेळ वाचतो हे मान्य. पण टिपणाऱ्याच्या दृष्टीने वंदे भारत घाटात जरा अळणीच. सुळकन येते आणि जाते. मालगाडीची सर तिला नाही.

उभं कुठे राहायचं?

ज्याने त्याने हाच प्रश्न आधी विचारलेला असतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पळसदरी. खोपोली लोकलने जा, कर्जतच्या पुढचंच स्टेशन. इथेच खोपोलीचा फाटा आणि घाटाचा मुख्य मार्ग वेगळे होतात. फलाटावर बसून चढायला लागलेल्या गाड्या दिसतात, पाठीमागे सोनगिरीचा डोंगर. सुरुवात करणाऱ्याला याहून सोयीची जागा नाही : बसायला बाक आहे, डोक्यावर छप्पर आहे, तिकीट काढून आलात तर कुणी हटकायचं कारण नाही. फक्त खोपोलीच्या गाड्या थोड्या असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

कर्जत स्टेशन. गाडी टिपायला फलाट म्हणजे गर्दीच, पण बँकर लागताना बघायचं तर इथेच. इंजिन हळूच येऊन शेवटच्या डब्याला टेकतं, माणूस खाली उतरून होस पाइप जोडतो, ब्रेकची तपासणी होते, शिट्ट्यांची देवाणघेवाण होते. सगळं काही मिनिटांत आटोपतं. पुढच्या टोकाला वडे घेण्यासाठी झुंबड असते तेव्हा तुम्ही मागच्या टोकाला असा.

खंडाळा. राजमाची पॉइंट आणि अमृतांजन पॉइंट या सार्वजनिक जागा आहेत. खाली दरी, समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, नागफणीचा सुळका, आणि डोंगराच्या कडेने जाणारे रूळ. इथून गाडी काडेपेटीएवढी दिसते, त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स हवी. पण लेन्स नसली तरी या, कारण डोंगर केवढा आणि गाडी केवढी हे इथून कळतं.

नागफणी. कुरवंड्याहून चढायचं. वरून घाट नकाशासारखा उलगडतो. पावसाळ्यात ढगात अडकलात तर दिवसभर पांढरं सोडून काही दिसणार नाही, आणि कड्याजवळ निसरडं असतं. हिवाळ्यात जा, ऑक्टोबर संपता संपता हवा स्वच्छ असते तेव्हा.

थळ घाट. कसारा स्टेशनात बँकर बघा आणि तिथून रस्त्याने वर इगतपुरीच्या बाजूला घाटनदेवीच्या देवळापाशी या. तिथून दरी छान दिसते. एहेगावचा उंच पूल या घाटाचं वैभव आहे, पण तो लांबूनच बघायचा.

रुळांच्या कडेने चालत बोर घाटातल्या मंकी हिलला गेलं तर? सगळे जातात.

सगळे जात नाहीत. जे जातात त्यांचेच व्हिडिओ तुम्हाला दिसतात.

घाटात रुळांशेजारी पाऊल टाकायलाही जागा नसते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे. वळणामुळे समोरून येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. उतरणारा मोकळा बँकर तर फारसा आवाजही करत नाही, आणि चढणारी मालगाडी शेजारून गरजत असेल तर तो ऐकूच येणार नाही. बोगद्यात शिरलात आणि गाडी आली तर पळायचं कुठे?

कायद्याचंही ऐका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं मला तितकंसं वाटत नाही. इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटचं वाटतं. रुळाजवळ पोरं दिसली की तो हॉर्न वाजवतो, हात ब्रेकवर नेतो. उतारावर, ओल्या रुळांवर, पाठीशी एवढं वजन घेऊन. आपल्या एका शॉटसाठी त्याच्या पोटात गोळा का आणायचा?

स्टेशनात फोटो काढायला परवानगी लागते का?

जाहिरात, सिनेमा, मालिका अशा व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. हौशी माणूस हातात मोबाइल घेऊन उभा असेल तर सहसा कुणी काही बोलत नाही. ट्रायपॉड उघडला की मात्र नजरा वळतात. मी फलाटावर गेलो की आधी स्टेशन मास्तरांना जाऊन भेटतो. “साहेब, गाड्यांचा नाद आहे, फलाटाच्या टोकाला उभा राहतो, पिवळ्या पट्टीच्या आत,” एवढं सांगितलं की बहुतेक वेळा मान डोलावतात. नाही म्हणाले तर नाही. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाशी नियमांवर वाद घालून आजवर कुणाला चांगला फोटो मिळालेला मी पाहिला नाही.

ड्रोन उडवू का?

नको. रुळांवर २५,००० व्होल्टची तार आहे, दरीत वारा कधी फिरेल याचा नेम नाही, आणि लोणावळ्यात नौदलाचा आयएनएस शिवाजी हा तळ आहे. कुठे उडवता येतं आणि कुठे नाही हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर रंगांनी दाखवलेलं असतं. हवं तर तो बघा, पण माझं उत्तर नकोच आहे.

त्या २५,००० व्होल्टचंच आणखी थोडं. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, छत्री, ॲल्युमिनियमचा मोनोपॉड तारेच्या दिशेने बाहेर काढू नका. तारेला हात लागायलाच हवा असं नाही, जवळ नेलं तरी वीज झेप घेते. पावसात तर विचारूच नका.

गाडी येतेय हे आधी कसं कळणार?

प्रवासी गाड्यांसाठी रेल्वेचं एनटीईएस ॲप आहे. मालगाड्या त्यात नसतात, आणि घाटात खरी मजा तर मालगाडीची. तेव्हा कान आणि सिग्नल. लाल असलेला सिग्नल पिवळा किंवा हिरवा झाला की तयार व्हा. चढणारी गाडी दिसण्याआधी बराच वेळ ऐकू येते : आधी लांबून घरघर, मग बोगद्यात शिरल्यावर एकदम शांत, मग बाहेर पडताच दुप्पट. अनुभवाने ‘आता (बोर घाटातली) ठाकूरवाडी सोडली असेल’ असं सांगता येऊ लागतं. वरून मोकळे बँकर परतताना दिसले तर थोड्या वेळात कुणीतरी चढणार असं समजा.

आणि हो, रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. घाट सोडाच, मुलुंडच्या अलीकडे-पलीकडेच दिवस जाईल.

कोणती गाडी चुकवू नये?

डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून धावतेय, २०२२ मध्ये तिला नव्या बनावटीचे (एलएचबी) डबे आणि नवा रंग मिळाला. मुंबईहून संध्याकाळी सुटते, त्यामुळे मे-जूनच्या लांब दिवसांत ती घाटात असताना सोनेरी उजेड मिळतो. डिसेंबरमध्ये अंधार. ती ठाण्याला थांबत नाही, याचा मला लहानपणापासून राग आहे.

त्यानंतर कोणतीही लांब मालगाडी.

मोबाइल पुरतो का?

पुरतो. पण काही गोष्टी सांभाळा.

बोगद्याचं तोंड टिपताना मोबाइल काळोख बघून सगळं उजळ करतो, आणि गाडी बाहेर आली की चित्र पांढरंफटक होतं. म्हणून आधी बाहेरच्या हिरव्या डोंगरावर बोट दाबून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि फोकस कुलूपबंद करा. बोगदा काळा राहू दे, काळाच असतो तो.

आडवा धरा. गाडी आडवी असते.

गाडीचा पाठलाग करू नका. फ्रेम ठरवा, हात स्थिर करा आणि गाडीला फ्रेममधून जाऊ द्या. घाटात गाडी सावकाश जाते, डब्यामागून डबा येतो, मग बँकर येतात, मग गार्डचा हात दिसतो. हे सगळं एका संथ शॉटमध्ये बसतं. कॅमेरा हलवलात तर डोंगर धावतो आणि गाडी उभी राहिल्यासारखी वाटते.

डब्यांवरच्या एलईडी पाट्या व्हिडिओत लुकलुकतात. शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा, बरंच सुधारतं. फोटोसाठी मात्र १/५०० च्या खाली उतरू नका.

सूर्य पाठीशी हवा हे कुणीही सांगेल. पण ढगाळ दिवस वाईट नसतो. बोगद्याच्या काळोखाचा आणि आभाळाचा फरक कमी होतो आणि इंजिनाचा रंग खुलतो.

आवाज चांगला येत नाही, नुसता वारा येतो.

माइकवर स्पंजचा तुकडा लावा, किंवा कॉलर रेकॉर्डर असेल तर तो शर्टाच्या आत ठेवा. मित्रांना गप्प बसवा, हे सर्वांत अवघड. “आला, आला, बँकर आला!” असं ओरडणारा माझाच आवाज माझ्या कित्येक व्हिडिओंत आहे. गाडी निघून गेल्यावर किमान मिनिटभर रेकॉर्डिंग चालू ठेवा, दरीतून आवाज परत येतो.

पावसाळ्यात जावं का?

धबधबे, धुकं, हिरवा डोंगर, मधून इंजिनाचा दिवा. मनाला विचाराल तर तेव्हाच जावं. पण दरडी कोसळतात, दगड रुळांवर येतात, गाड्या रद्द होतात किंवा तासन्तास अडकतात. रेल्वेची माणसं पावसाळाभर डोंगरावर नजर ठेवून असतात, सैल दगड आधीच पाडतात, कड्यांना जाळ्या लावतात. तरीही डोंगर तो डोंगर. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी घरी भजी तळा.

कॅमेऱ्यासाठी : प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी, चपलांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि दोन कोरडे सुती रुमाल. वातानुकूलित डब्यातून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर आतून-बाहेरून वाफ धरते. लोणावळ्याला मी असाच अर्धा तास लेन्स पुसत बसलो होतो आणि तेवढ्यात तीन गाड्या गेल्या.

गाडीत बसूनच घाट टिपता येईल का?

येईल, आणि ज्येष्ठांना मी तेच सुचवतो. पुण्याकडे जाताना डावी खिडकी धरा, उल्हास नदीची दरी त्या बाजूला आहे. डेक्कन एक्स्प्रेसला जून २०२१ पासून विस्टाडोम डबा आहे, मोठ्या काचा आणि वर पारदर्शक छप्पर. तिकीट महाग, पण पावसाळ्यात एकदा करण्यासारखं. काचेतलं प्रतिबिंब टाळायला लेन्स काचेला टेकवा आणि भोवती काळं कापड धरा.

दारात लटकून टिपणं नको. बोगद्याची भिंत आणि खांब तुम्ही समजता त्याहून जवळ असतात. येता-जाता लोकलच्या दारातही मोबाइल बाहेर धरू नका, रुळाकाठी काठीचा फटका मारून तो पाडणारे टपलेले असतात.

माथेरानच्या गाडीचं काय?

ती वेगळीच चीज. रुळांची रुंदी दोन फूट, १९०७ मध्ये सुरू झाली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने बांधली गेली. नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत माथेरान, सगळं मिळून २१ किलोमीटरच्या आसपास. चढ बोर घाटापेक्षाही तीव्र, १:२० पर्यंत. वाटेत एकच बोगदा आहे, तो इतका छोटा की त्याचं नावच ‘वन किस टनेल’ पडलं.

टिपायला ही सर्वांत सोपी, कारण माणूस भरभर चालला तर तिच्या बरोबरीने जाऊ शकतो. पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज भाग बंद असतो, वरची अमन लॉज–माथेरान फेरी साधारणपणे चालू असते. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला होता, २०१९ मध्येही बराच खचला आणि पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. लहान मुलं बरोबर असतील तर बोर घाट राहू दे, इकडेच या.

खंडाळ्यात जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं म्हणतात, ते काय?

बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. डोंगर इतका सरळसोट की एका जागी वळायलाच जागा सापडेना. म्हणून तिथे गाडी एका टोकाकडून आत न्यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढे चढायचं, अशी सोय केली. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि ते स्टेशन बंद झालं. त्याच सुमारास घाटात वीज आली आणि ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी लांब नाकाची इंजिनं आली. त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

बांधकामाची गोष्ट मात्र फोटोत येत नाही. एका टप्प्यावर ४०,००० हून अधिक मजूर इथे राबत होते, आणि पटकी-तापाने हजारोंच्या संख्येने मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही, जाणती माणसं नेमून काम चालू ठेवलं. तिचं नाव निदान कागदावर राहिलं, मजुरांचं तेवढंही नाही. राजमाची पॉइंटवर उभं राहून खालचा दगडी पूल दिसला की मला प्रत्येक वेळी हे आठवतं आणि थोडा वेळ कॅमेरा तसाच राहतो.

खाण्यापिण्याचं?

कर्जतला बटाटेवडा, लोणावळ्याला चिक्की. पळसदरीला काही मिळेल या भरवशावर राहू नका, डबा न्या. कागद, बाटल्या परत आणा. माकडं पिशवीवर झडप घालतात, मंकी हिल हे नाव उगाच पडलेलं नाही.

परत यायला कितीला निघावं?

डेक्कन क्वीन कर्जतहून वर गेली की. तिचे बँकर सुटून खाली येईपर्यंत थांबावंसं वाटेल. थांबलात तर पुढची ठाण्याकडची लोकल आधी बघून ठेवा, आणि कर्जतला बसायला जागा मिळाली तरी खिडकीशी बसा. नेरळ येईपर्यंत उजेड असला तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत.